पावणीत गेलेली काठी

ती काठी मला कोणी दिली नाही. मी ती घेतली, सौदा करून, साक्षीदारासमोर. या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे. धारगळला हायवेला लागून बाबलोशेटचं हॉटेल आहे. विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात, माणसं मासळीची थाळी जेवतात आणि हात धुवून परतताना काउंटरमागच्या काचपेटीपाशी उभं राहून फोटो काढतात. पेटीत गोल्फची एक जुनी काठी आडवी ठेवली आहे. खाली रंगवलेली पाटी आहे: ‘नार्व्याची कन्या शालन हिला शेटनी दिलेली पहिली काठी.’ ओळखीपाळखीचे लोक तो फोटो मला फोनवर पाठवतात आणि खाली लिहितात, किती मोठं मन त्यांचं! पहिल्यांदा मी फोन भिंतीवर फेकला होता. आता फेकत नाही, फोन महाग झाले आहेत. पण राग तेवढाच येतो.

आमचं घर नार्व्याला, नदीच्या अंगाला. आई तिथलीच, बाबा दोडामार्गकडचे, खाणीवर ट्रक चालवायला आले आणि इथेच राहिले. घराच्या मागे आईचा मळा होता. त्यात तांबडी भाजी, मुळा, अळसांदे आणि मिरच्या. खाणी चालू होत्या तेव्हा पानापानावर तांबडी धूळ बसायची, आणि आई बुधवारच्या बाजाराला निघण्याआधी भाजीची एकेक जुडी नदीत खंगाळून घ्यायची. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा, मग लोखंडाच्या खनिजाच्या ट्रकांची घरघर, मग नदीतल्या बार्जचा लांब हंबरडा, हे आमचं घड्याळ. न्याहारीला उंडा पाव आणि चहा, दुपारी पेज आणि कैरीचं मिस्कुट लोणचं, तिसऱ्यांच्या शिंपल्या मिळाल्या तर त्यांचं सुकं. बुधवारी आईबरोबर डिचोलीच्या बाजारात गोणपाटावर बसायचं काम माझं. माझ्या अंगात जे काही शहाणपण आहे ते त्या गोणपाटावरचं. गिऱ्हाईक जुडी हातात घेऊन नाक मुरडतं तेव्हा त्याला ती हवी असते. ज्याला नको असते तो हातसुद्धा लावत नाही. पुढे मोठमोठ्या कंपन्यांचे टायवाले साहेब माझ्यासमोर नाक मुरडत बसले तेव्हा मला त्यांच्या हातातली मुळ्याची जुडी स्पष्ट दिसायची.

बाबांच्या कमरेला ट्रकनं दुखणं लावलं तेव्हा त्यांना खाणीच्या साहेबलोकांच्या क्लबात ट्रॅक्टर चालवायचं काम मिळालं. क्लब म्हणजे वर सड्यावर एक कौलारू खोली, दोन खिडक्या, आमच्याकडे जनेलं, आणि पुढे तांबड्या कातळावर मांडलेलं गोल्फचं मैदान. टीव्हीवर दिसतं तसलं हिरवंगार काही नव्हतं. पावसाळा सरला की गवत करपून जायचं. भोकाभोवती हिरवळीच्या जागी तेल पाजलेली वाळू पसरलेली असायची, चुलीच्या राखेसारखी काळपट. साहेब तीवरून चालले की पाय उमटायचे, आणि पुढच्यासाठी ती वाळू गोणपाट ओढून पुन्हा सारखी करावी लागायची. शाळा सुटल्यावर मी बाबांसाठी डबा घेऊन वर जायची आणि ते गोणपाट ओढायची. कोण कुठे चुकतो ते मला वाळूवरच्या चेंडूच्या रेघेवरून कळायचं. माणूस गेला तरी त्याची चूक तिथे आखलेली असायची, आणि मी ती पुसून टाकायची.

साहेबांचे चेंडू करवंदीच्या जाळ्यांत जायचे. काटे कोण अंगावर घेणार? मी घ्यायची. आमच्या न्हाणीच्या मागे चेंडूंनी भरलेलं पोतं होतं. ते मी साहेबांनाच परत विकायची आणि ते तक्रार करत घ्यायचे. त्यांत एक मंगळुरी इंजिनिअर होता, उंच, सुपारी खाणारा. त्याची बदली झाली. सामान बांधताना त्यानं बाबांना सांगितलं की तुझ्या मुलीकडचे सगळे चेंडू मला दे, नव्या ठिकाणी मिळत नाहीत. मी पोतं घेऊन गेले. त्यानं चॉकलेटचा डबा पुढे केला.

“नको,” मी म्हटलं. “ती काठी द्या.”

ती म्हणजे पटर. चेंडू भोकाजवळ आला की शेवटचा हलका टोला मारायची आखूड काठी. पातळ पोलादी पातं, लाकडाच्या रंगाचा दांडा आणि सडून गेलेली मूठ.

“तुला काठी कशाला? म्हशी राखायला?”

“म्हशींना फांदी पुरते.”

तो हसला. डबा मागे घेतला, पुन्हा पुढे केला, वर एक छत्री ठेवली. मी पोत्याचं तोंड बांधून उठले. दारापर्यंत गेल्यावर त्यानं हाक मारली. मी वळले नाही, तिथूनच सांगितलं की वर आईच्या मिस्कुटाची एक बरणी देईन. मंगळुरी माणूस, तिथे विरघळला. बाबा जनेलाबाहेर ट्रॅक्टरवर बसून हे सगळं बघत होते. संध्याकाळी त्यांनी सडकी मूठ काढली आणि सायकलची जुनी ट्यूब कापून दांड्यावर घट्ट पीळ घालून नवी मूठ बांधली. माझ्या हाताचं माप घेऊन बांधली. हा झाला त्या काठीचा जन्मदाखला. यात बाबलोशेट कुठे आहे ते कोणी मला दाखवावं.

साहेब उठून गेले की मी खेळायची. लांबचे टोले मारायला बाबांनी क्लबातल्या मोडक्या काठ्या जोडून दिल्या होत्या. ते टोले मला हळूहळू जमले. पण वाळूवरचा शेवटचा टोला मला पहिल्यापासून जमला, कारण त्या वाळूचा कण न् कण मीच सारखा केलेला होता. क्लबाचा सेक्रेटरी, गोव्याबाहेरचा एक म्हातारा निवृत्त फौजी, त्यानं मला एकदा बघितलं आणि ओरडण्याऐवजी खुर्ची ओढून बसला. नियम, कपडे, गुण कसे लिहायचे ते त्यानं शिकवलं. त्याचं ऋण मी मान्य करते. ज्याचं आहे त्याचं मी नेहमी मान्य करते. त्यानंच पुण्याच्या बायकांच्या हौशी स्पर्धेत माझं नाव घातलं. तिथे मी पहिल्यांदा खरी हिरवळ बघितली. मला वाटलं, एवढ्या मऊ गवतावर म्हैस सोडली तर तिच्या दुधाला कसा वास येईल! आणि मी ती स्पर्धा जिंकले. मोठा दोन कानांचा कप घेऊन कदंबच्या सरकारी बसनं घरी आले.

बाबलोशेट इथे येतो. आमच्याच वाड्यावरचा माणूस. खाणीला ट्रक पुरवता पुरवता शेट झाला. क्लबाचा ट्रॅक्टरही त्याच्याच कंत्राटात होता, म्हणजे बाबा त्याचेच नोकर. मी कप आणल्याचं कळलं तसा तो बुधवारी बाजारात आमच्या गोणपाटासमोर येऊन उभा राहिला. गळ्यात साखळी, अंगाला अत्तर.

“शालू, आमचें नांव केलें गो तुवें! आयतारा ट्रकार बसोवन तुजी मिरवणूक काडटां. माझ्या ट्रान्सपोर्टाची टोपी घाल, आनी फुडें खेळटली थंय तीच टोपी.”

“टोपीचें कितें दितले?” मी विचारलं.

तो आजूबाजूला बघून हसला. “दिवपाचें कितें? घरचें चेडूं तूं, आमची पोर.”

“घरच्यांक भाजी फुकट दिता आमी. टोपी डोक्यार घालपाक म्होल आसा.”

शेजारच्या मासळीवाल्या बायका खो खो हसल्या. त्यांतली एक म्हणाली, “शेटा, मुळो तरी व्हर, रित्या हातान वचूं नाका!” बाबलोशेटही हसला, पण त्याचे कान तांबडे झाले. मुळा न घेताच गेला. आई मला म्हणाली, “जीब लांब तुजी.” मी म्हटलं, “हात त्याचो आखूड.” विषय संपला असं मला वाटलं. मी तरुण होते, मला वाटलं की बाजारातली बोलणी बाजारात संपतात.

आता नवसाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथे अडलं. मी पुण्याला गेले तेव्हा आईनं वाड्यावरच्या सातेरी देवीला नवस बोलला होता. पोर जिंकून आली तर जिनं जिंकली ती वस्तू तुझ्या पायावर घालीन. मी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “अगो, कप घाल ना! कप कित्याक आसा?”

आईनं कप उचलून आत डोकावलं. “हें भांडें. भांडीं देवीकडे मोप आसात.”

आणि तिचं चुकलं असं कोणाला वाटेल, तर तसं नाही. आमच्याकडे रीतच तशी. होडीवाला नवसाला वल्हं घालतो, शिंपी कात्री घालतो, लोहार सांडशी घालतो. ज्यानं पोट भरतं ते देवीच्या पायावर ठेवायचं. जत्रेच्या दिवशी देवीपुढे आलेल्या सगळ्या वस्तूंची पावणी होते, म्हणजे लिलाव. केळीचा घड, भोपळा, देवीच्या अंगावरची साडी, सगळं बोलीवर जातं आणि पैसे देवळाला. पण नवसाचं हत्यार बोलीला आलं की ज्याचं असेल त्याच्या घरच्यानं बोली लावायची. बाकीच्यांनी देवीचा मान म्हणून एखादी बोली वर चढवायची आणि मग गप्प बसायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, लिहायची गरजही पडली नव्हती. वल्हं त्याच संध्याकाळी होडीत परत जायचं, देवीचा हात लागलेलं. आईनं जन्मभर हेच बघितलं होतं. तिला वाटलं, काठी जाईल आणि येईल.

मला घाई होती ती वेगळी. बायकांचा धंदेवाईक गोल्फ आपल्या देशात तेव्हा नुकता सुरू झाला होता. त्यात उतरायचं तर बेंगळुरूला एक चाचणी स्पर्धा खेळायची होती, आणि ती जत्रेच्या पुढच्याच आठवड्यात होती. त्यातून पार पडले तर खेळून पोट भरायचा परवाना. नाही पडले तर पुन्हा गोणपाट. फौजीसाहेबांनी तिकीट काढून ठेवलं होतं. दुसरी पटर माझ्याकडे नव्हती, आणि खरं सांगायचं तर दुसरी मी हातातही धरली नव्हती.

जत्रा भरली. खाज्यांची दुकानं, फुगेवाले, कांकणांचे हारे. दुपारची आरती झाली, जेवणाची पानं उठली, आणि मांडवात पावणी सुरू झाली. पावणी घालणारा गोविंदमामा, आईचा चुलतभाऊ. त्याचा आवाज असा की नदीपलीकडे दिवाडीच्या फेरीबोटीतली माणसं मान वळवायची. तो वस्तू वर धरून बोली पुकारायचा, बोली थांबली की “एक वार, दोन वार” म्हणायचा, “तीन वार” म्हणून नारळ जिंकणाऱ्याच्या ओंजळीत द्यायचा. नारळ हातात पडला म्हणजे वस्तू तुझी. त्याआधी नाही. केळी गेली, भोपळा गेला, एका माणसानं देवीची साडी इतकी वर चढवली की त्याच्या बायकोनं मांडवातच तोंडाला पदर लावला. मग मामानं माझी काठी वर धरली. ट्यूबच्या काळ्या मुठीला शेंदूर लागला होता.

“ही आमच्या शालूची बडी! पुण्याहून कप घेवन आयली ती! बोला!”

बाबांनी बोली लावली. कोपऱ्यातून कोणीतरी रीतीप्रमाणे थोडी वाढवली. बाबांनी पुन्हा वाढवली. मांडव गप्प झाला, जसा व्हायला हवा तसा. मामा “एक वार” म्हणणार, तेवढ्यात मागून आवाज आला. बाबलोशेट. त्यानं बोली थोडीथोडकी नाही, एकदम उडी मारून वर नेली.

माणसं वळून बघायला लागली. कोणीतरी म्हणालं, “शेटा, नवसाची रे ती, घरच्यांची.” तो हसून म्हणाला, “देवीपुढें कोण घरचो, कोण भायलो? जास्त दिता ताका प्रसाद.” आणि बाबांकडे बघितलं. नुसतं बघितलं. ट्रॅक्टर त्याचा, पगार त्याचा. माझे बाबा, ज्यांनी भरलेला ट्रक चढावावर ब्रेक गेला तरी धरून ठेवला होता, त्यांची मान खाली गेली. त्यांनी पुढची बोली लावली नाही.

मी आईच्या शेजारी बायकांत बसले होते. कधी उठले ते मला कळलं नाही. मी बोली लावली, त्याच्या वर.

मांडवात गलका झाला. बायकांनी पावणीत बोलायची रीत नव्हती. गोविंदमामा गोंधळला, काठी घेऊन नुसता उभा. “बाय, बायलमनशांनी बोली...”

“मामा, देवी कोण? दादलो?”

बायकांमधून हसू फुटलं. देवळाचा म्हातारा पुजारी आतून म्हणाला, “घे रे तिची बोली, घे. बरोबर उलयता ती.” मामानं घेतली. बाबलोशेट चढला, मी चढले. माझ्याकडे तेवढे पैसे होते का? नव्हते. पण पावणीचे पैसे पुढच्या जत्रेपर्यंत द्यायची मुभा असते, आणि वर्षभरात मी ते उभे करीन एवढा भरवसा मला माझ्या मुळ्याच्या जुड्यांवर होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. बोली वाढवताना तो आता हसत नव्हता. प्रत्येक खेपेला आधी खिशाला हात लावायचा, मग बोलायचा. बाजारात असं गिऱ्हाईक मी हजारदा बघितलेलं. अजून एक, फार तर दोन, मग हा बसणार. मला ते दिसत होतं, आणि मला दिसतंय हे त्यालाही दिसलं.

त्याची बोली झाली. “एक वार,” मामा म्हणाला. मी मुद्दाम थांबले. घाई दाखवली की भाव चढतो. “दोन वार.” मी तोंड उघडलं. तेवढ्यात बाबलोशेट ताडकन पुढे आला, मामाच्या हातातून काठी ओढून घेतली, कपाळाला लावली, नोटांचं पुडकं देवीसमोरच्या ताटात टाकलं आणि चालायला लागला.

“तिसरो वार जावंक ना!” मी ओरडले. “मामा, म्हजी बोली आसा! म्हण तिसरो वार!”

गोविंदमामाच्या हातात नारळ तसाच होता. तो नारळाकडे बघत राहिला. त्याच्याही मुलाचे दोन ट्रक बाबलोशेटकडे लागले होते. पंचमंडळींतला एक पान चघळत होता, तो चघळायचा थांबला आणि पुन्हा चघळायला लागला. दिवसभर माणसांनी फुललेला मांडव, आणि त्यात दोन शब्द बोलायला एकाची जीभ उचलली नाही. मी शेटच्या मागे धावले. आईनं माझं मनगट धरलं. विळा धरणारा हात तो, सुटला नाही. “जत्रेंत झगडें नाका,” ती म्हणाली. शेट काठी खांद्यावर टाकून, बंदूक घेऊन शिकारीला निघाल्यासारखा, खाज्यांच्या दुकानांमधून गेला.

आज माझं वय पन्नाशीला टेकलं आहे, गुडघे गेले आहेत, आणि मला लोक शिकवतात की जुनं विसरावं. ज्यांचं काही गेलं नाही ते हे फार चांगलं शिकवतात.

घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. पडवीत पाठ करून बसले. मी भांडी आदळत होते. नवसावर बोलले, देवीवर बोलले, बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं आणखी बरंच बोलले. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “देवीक दिलें तें गेलें अशें न्हय. मदींच कोणें तरी धरून दवरलां.” आणि फळीवरचा कप काढून तिनं तो हातात तोलला, बाजारात वजन बघतात तसा.

“तुजी बडी. तिचें तोंड कसलें आसता? लोखंडाचें?”

“लोखंडाचं, पितळेचं, कसलंही चालतं. कित्याक?”

तिनं कप फळीवर ठेवला आणि ती झोपायला गेली. सकाळी मी उठले तर ती आणि बाबा दोघं नव्हती, आणि फळीवर कपही नव्हता.

डिचोलीला कासार आहेत. समया, घंटा, तांबे घडवणारे. आईच्या ओळखीच्या एका कासारापुढे दोघांनी माझा कप ठेवला आणि वितळवायला सांगितला. मागून मला आई सांगायची तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. कासारानं कपावर हातोडीनं टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, “वहिनी, हातूंत पितळ उणें आनी दिमाख चड.” मग आईनं घरची मोडकी समई त्यात घातली. बाबांनी मातीत साचा केला. माप कुठून घेतलं? वाळूवरून. क्लबाच्या वाळूत माझ्या काठीच्या पात्याचा ठसा उमटलेला होता, जत्रेच्या आदल्या संध्याकाळचा. त्यानंतर तिथे गोणपाट ओढायला मी गेलेच नव्हते. दांडा मोडक्या काठीचा. मूठ पुन्हा सायकलच्या ट्यूबची. बाबांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा पातं अजून कोमट होतं. ते एवढंच म्हणाले, “मांडवात माझो आवाज गेलो. ह्या बघ चलता काय.”

बेंगळुरूला माझ्या पिशवीतून ते पिवळंधम्मक पातं निघालं तेव्हा इतर मुली बघत राहिल्या. त्यांच्या काठ्या परदेशी, कातडी टोप्या घातलेल्या. एकीनं विचारलं, “हे काय, पूजेचं आहे का?” मी म्हटलं, “हो, नंतर आरतीला या.” अधिकाऱ्यांनी काठी नेली, मोजपट्टी लावली, उलटी केली, वजन केलं, आपसांत कुजबुजले. मी समोर उभी राहून म्हटलं की नियमात कुठे बसत नाही ते बोट ठेवून दाखवा. फौजीसाहेबांनी माझ्याकडून तो नियम पाठ करून घेतला होता. अधिकाऱ्यांना बोट ठेवता आलं नाही. पहिल्या दिवशी पितळ मला जड गेलं, चेंडू भोकापुढे निघून जायचा. दुसऱ्या दिवशी मला उमगलं की हात कमी लावायचा, पितळ स्वतः जातं. समईसारखं, एकदा जागी ठेवलं की हलत नाही. शेवटच्या भोकावर चेंडू माझ्यापासून आमच्या पडवीच्या लांबीएवढा दूर होता. तो गेला तर परवाना, राहिला तर मुळा. मी बाबांची मान आठवली नाही, देवी आठवली नाही. मला बाबलोशेटचा खिशाकडे जाणारा हात आठवला. चेंडू आत पडला. त्याचा भोकात पडल्याचा आवाज मला आजही येतो, तांब्यात पहिली धार पडते तसा.

त्यानंतर मी वीसेक वर्षं खेळले. जिंकले कमी, टिकले जास्त. पुरुषांच्या बक्षिसांपुढे आमची बक्षिसं म्हणजे जेवणानंतरची बडीशेप, आणि तेवढ्यावर मी घर बांधलं, बाबांची कंबर मोठ्या डॉक्टरांना दाखवली, आई खंडानं कसायची तो मळा विकत घेतला. टोपीचं मोल मी प्रत्येकाकडून घेतलं. भांडकुदळ म्हणून माझं नाव झालं. होऊ दे. माझा पहिला कप कुठे आहे असं पत्रकार विचारायचे, तेव्हा मी म्हणायची, वापरते आहे.

खाणी बंद पडल्या, ट्रक गंजले. बाबलोशेटनं धारगळला हॉटेल टाकलं, आणि घरात कुठेतरी पडलेली काठी काचेत गेली. तिच्यासोबत एक गोष्टही जन्माला आली: गरीब मुलगी, दयाळू शेट. आई होती तोवर मी तिच्यासाठी गप्प बसले. ती गेली. आता कोणासाठी बसू?

गेल्या महिन्यात मी त्या हॉटेलात गेले. दुपारची वेळ, टेबलं भरलेली. शेटचा मुलगा धावत आला. “ताय! या, या! पेटीपाशी एक फोटो जाऊं दे.” मी पेटीपाशी गेले आणि पहिल्यांदा जवळून बघितलं. पातं तेच. पण मूठ नवी, चकचकीत चामड्याची. बाबांनी पीळ घातलेली ट्यूब काढून टाकली होती. “जुनी घाण दिसताली,” मुलगा म्हणाला. शेट काउंटरवर बसला होता, म्हातारा, मफलर गुंडाळलेला. त्यानं मला ओळखलं.

“विकता?” मी त्याला विचारलं.

“ती विकपाची वस्त न्हय गो शालू. तो माझो मान.”

“बरोबर. विकपाचो हक्कच ना तुका. तुजी जाली खंय ती?”

 मी मागे वळले, भरलेल्या टेबलांकडे तोंड केलं आणि गोविंदमामाच्या आवाजात, नदीपलीकडे जाईल अशा, बोली पुकारली. त्या दिवशीच्या शेटच्या शेवटच्या बोलीच्या वर, सातेरीच्या नावानं. माशाचे काटे काढणारे हात थांबले. मुलगा “ताय, ताय” करत होता. मी त्याला बाजूला केलं.

“नारळ हातात पडला नव्हता,” मी म्हटलं. “दोन वार झाले होते. माझी बोली उभी आहे. चढवायची असेल तर चढव, शेटा. नसेल तर काठी सातेरीच्या मांडवात आणून ठेव. तिथे नवा पुकारणारा आहे, त्याच्याकडे नारळही आहे.”

बाबलोशेटचा हात आपसूक खिशाकडे गेला. खिशावरच थांबला. 

मी जेवले नाही. त्या घराचं पाणीही घेतलं नाही. पण जाताना पाटीवरचं ‘दिलेली’ तेवढं अंगठ्याच्या नखानं खरवडून काढलं. रंग हलका होता, लगेच निघाला.